लॉन्ड्रीतला लाल रुमाल

...नाही, पण मी म्हणतो, टेन्शन म्हणजे काय चहा आहे का हो? कुणीतरी पुढे धरला, आपण 'नको, आत्ताच झाला' म्हटलं आणि सुटलो? जो येतो तो मला सांगतो, 'टेन्शन घेऊ नका!' अरे बाबांनो, मी घेत नाही, ते मला घेतं! सकाळी डोळा उघडायच्या आधी छातीवर येऊन बसलेलं असतं!

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस एवढा कावलाय का. तर तुम्हाला सांगतो... दोन वर्षं मी घरात होतो. आधी ऑफिसात होतो, चांगला होतो, आणि एक दिवस लिफ्टमध्ये पाय टाकला आणि छातीत जी धडधड सुरू झाली, घाम काय, हातपाय गार काय, मी म्हटलं गेलो! डॉक्टर म्हणाले हृदय ठणठणीत आहे, मन दमलंय. झालं! औषधं सुरू झाली आणि नोकरी सुटली. बायको सकाळी कामाला जायची आणि मी घरात. दुपारी बेल वाजली ना, की मी पंखा बंद करून गप्प बसायचो. का? तर घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून! स्वतःच्या घरात चोरासारखा! तेव्हा ही लॉन्ड्रीतली नोकरी मला हवी होती हो, फार हवी होती.

ती मिळवून दिली ताईने. ताई म्हणजे माझी बहीण नव्हे, दवाखान्यातून जोडून दिलेली मदतनीस. मन आजारी पडलेल्यांना कामाला लावायचं, मालकाशी बोलायचं, सुरुवातीला सोबत जायचं, हेच तिचं काम. सोन्यासारखी बाई, खोटं कशाला बोलू! पण तिने काय केलं, मी जायच्या आदल्या दिवशी लॉन्ड्रीत जाऊन सगळ्यांना शिकवून ठेवलं. 'त्यांच्याशी हळू बोला. मागून अचानक येऊ नका. आणि सांगत राहा, टेन्शन घेऊ नका.'

आता लॉन्ड्री कसली? हॉटेलांच्या चादरी धुणारी! एकेक मशीन खोलीएवढं, ड्रायर असा गरगरतोय की शेजारच्याची शिंक ऐकू येत नाही, आणि तिथे ही सगळी माणसं माझ्याशी कुजबुजतायत! मला नुसते ओठ हललेले दिसायचे. मग मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतायत! वाटणारच ना? आणि मागून यायचं झालं की लांबूनच बोंब, 'मी मागून येतोय हो!' मी हातभर उडायचो! मग तोच धावत यायचा, 'टेन्शन घेऊ नका, टेन्शन घेऊ नका...'

आणि मावशी! घड्यांच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई. तिची जीभ म्हणजे कात्री! मालकालासुद्धा सोडत नाही. 'ए आळश्या! हातांना मेंदी लावलीय का? उचल!' असं सगळ्यांना. आणि मला? 'अहो, जरा ती चादर धरता का? जमेल तसं हं.' अहो! जमेल तसं! चादरीची घडी दोघांनी घालायची असते. समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरायची, कचकन ओढायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. पण ताईने सांगितलेलं ना, सांभाळून, म्हणून मावशी ओढायचीच नाही. मग मीही ओढायचो नाही. चादर मध्ये लोंबायची, घडी वाकडी. आणि एकदा मी पाणी प्यायला गेलो, वळून बघतो तर मावशी मी घातलेल्या घड्या उलगडून परत घालतेय. चोरून! त्या दिवशी मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू... तिने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बरं, ताईने मला एक लाल रुमाल दिला होता. कोरा करकरीत. 'जीव घाबरला की हा खांद्यावर टाकायचा. कुणी काही विचारणार नाही. मागच्या दाराशी जाऊन हवा घ्यायची, बरं वाटलं की परत यायचं.' कल्पना चांगली, नाही कोण म्हणतं? पण मी एकदा टाकला मात्र, सगळी लॉन्ड्री थांबली! मशीन बंद, माणसं पुतळे, सगळे डोळे माझ्यावर! तेव्हापासून तो रुमाल खिशात गेला तो गेलाच.

आणि आला तो दिवस. महिनाभर बघू म्हणाला होता मालक, तो महिना संपत आलेला. काचेच्या केबिनमध्ये मालक आणि ताई बोलतायत, आणि मधूनच माझ्याकडे बघतायत. ठेवायचं की काढायचं, तेच चाललेलं असणार! सुरू झाली धडधड. रुमाल बाहेर काढला, खांद्यापर्यंत नेला, आणि नेमकी मालकाने मान वर केली. आता निकालाच्या वेळी मी खांद्यावर लाल निशाण लावून उभा राहू? म्हणून पटकन शेजारच्या ढकलगाडीत कोंबला, मळक्या चादरींच्या खाली. म्हटलं, मग काढू.

मग कसला काढताय! मी वळतोय तोवर गाडी गेली मशीनपाशी, चादरी आत, दार बंद, गरम पाणी चालू! आणि मशीनला ती गोल काच असते ना... त्यात मी बघतोय, पाणी गुलाबी होतंय. आधी फिकं, मग चांगलं गडद. 'थांबवा' म्हणायचं होतं मला, देवाशप्पथ म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

चादरी बाहेर आल्या. अख्ख्या हॉटेलच्या. गुलाबी! आणि वर माझा रुमाल, बेडकासारखा चिकटलेला. मालक केबिनमधून आला, चादरी बघितल्या, त्याच्या मानेची शीर अशी टरटरून फुगली, आणि ताईकडे एकदा बघून तो मला काय म्हणाला? 'हरकत नाही. गुलाबीसुद्धा... बरा दिसतो. टेन्शन घेऊ नका.' मी म्हटलं, संपलं! ज्याला काढायचंय त्याच्याशीच माणूस इतकं गोड बोलतो!

अ‍ॅप्रन काढला, घडी घातली, वाकडीच आली, टेबलावर ठेवली, म्हटलं, 'येतो मी.'

आणि मावशी फुटली!

'येतो? येतो काय येतो? निघाले राजेसाहेब! आणि हा शिमगा कोण निस्तरणार, तुझा बाप? डोळे काय घरी ठेवून आलास? आणि चादर धरताना ओढ की मेल्या! महिना झाला, लोंबकळत धरतोस, आणि मी मागून सगळ्या घड्या परत घालतेय! कंबर गेली माझी!'

मग मालकाचाही बांध फुटला. 'पांढऱ्यात लाल? लॉन्ड्रीत काम करता आणि पांढऱ्यात लाल? उद्या सगळ्यांच्या आधी यायचं आणि एकेक चादर परत पांढरी करायची! कळलं?'

ताई बिचारी धावली, 'अहो, ओरडू नका, त्यांना...' मी म्हटलं, ताई, थांबा. बोलू द्या. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण मी ऐकलं होतं. उद्या! उद्या म्हणाला तो!

घरी गेलो, बायको कामावरून नुकतीच येत होती, तिला म्हटलं, 'अगं, मला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या!' तिचा चेहरा पडला. म्हटलं, 'आणि उद्या लवकर बोलावलंय.' ती चपला न काढताच खुर्चीत बसली आणि रडायला लागली. आता मी तिला काय म्हणणार? 'टेन्शन घेऊ नकोस'? हिंमतच झाली नाही.

तर आता लागलोय मी तिथे. धडधड गेली का? छे हो, ती कुठे जातेय! फक्त चादर कचकन ओढतो. आणि ताईने तोडगा काढलाय, रुमाल बदललाय. लाल नको, रंग जातो, म्हणून पांढरा! आता सांगा, पांढऱ्या चादरींच्या ढिगात पांढरा रुमाल कुणाला दिसणार? मी आपला खांद्यावर टाकून उभा. मावशी वर बघते, म्हणते, 'थोबाड बघूनच कळलं रे. जा, हवा खाऊन ये, आणि लवकर ये, नाहीतर तंगडं मोडीन.' मी मागच्या दाराशी जातो. आणि मी वळलो की ती काय करते? सवयीने माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढते, छान चौकोनी घडी घालते, आणि हॉटेलच्या गठ्ठ्यात ठेवून देते! आजवर किती गेले देव जाणे. परवा ताई आणखी एक घेऊन आली. म्हटलं, ताई, हाही जाणार.

तर म्हणते कशी... 'टेन्शन घेऊ नका, डझनच आणलेत!'