तनस जाळणारं गाव

(रेल्वेचा डबा. गाडी हरियाणात शिरली आहे. खिडकीशी अड्याळच्या धुरपताबाई, समोर त्यांची नात तृप्ती.)

तृप्ती: आजी, कालपासून तू खिडकीच सोडून नाही राहिली. पड थोडी.

आजी: पडू कशी? तुह्या बापानं मले पोरगा पाहाले पाठवलं. म्हणे, मायनं हो म्हटलं तर माहं हो. मंग मुलूख नको पाहू?

तृप्ती: मग, दिसला मुलूख?

आजी: नागपूर सुटलं, कापूस. मंग संत्री. रातभर अंधार. सकाळी नुसती बाजरी. म्या म्हटलं, पोरगी भाताबिगर वाळते इथं. आता धान दिसलं, तर जरा बरं वाटलं.

तृप्ती: म्हणजे पसंत?

आजी: धान पसंत. पोरगा कुठं पाहिला अजून? थांब वं, तो धूर कायचा? कोनाच्या घराले आग लागली?

तृप्ती: घर नाही, वावर आहे. धान कापलं का मागं उरलेली तनस, सारा पेंढा, जाळतात इकडे. गव्हाची घाई असते.

आजी: तनस? चांगली, कोरडी तनस?

तृप्ती: हो.

आजी: एक साल आपल्याले तनस पुरली नाही. तुह्या आज्यानं माह्या माहेराहून, आसगावहून, बंडीभर आणली. बैलायनं खाल्ली, पण तुहा आजा लाजंनं माह्या भावासमोर महिनाभर गेला नाही. अन् हे जाळतेत. तनस जाळणाऱ्या घरात पोरगी देत नाही मी.

तृप्ती: आजी, गुरमीत नागपुरात नोकरी करते. धानकापणीले घरी गेला फक्त.

आजी: लाव फोन. त्याच्या घरी जाळतेत का, मीच इचारतो.

तृप्ती: स्पीकरवर आहे, बोल. हळू बोल पण.

आजी: बापू, तुमच्या घरी तनस जाळतेत का?

गुरमीत: नमस्ते आजी. तनस? हां, पराली. जाळते ना. पापा ऐकत नाही. मागच्या साली मी भांडलो, तर दोन दिवस कोणी जेव म्हटलं नाही.

आजी: माय पण?

गुरमीत: मम्मी पापाच्या पार्टीत आहे.

आजी: ठेव बापू. येतोच आम्ही.

तृप्ती: झालं तुझं समाधान?

आजी: खोटंच ‘नाही जाळत’ म्हणून मोकळा झाला असता तो. तूनं शिकवलं नव्हतं त्याले?

तृप्ती: मी फक्त पाया पडाचं शिकवलं. तू तनस इचारशील, हे मले काय माहीत?

आजी: त्याच्या बापाशी मीच बोलीन.

तृप्ती: पहिल्याच दिवशी भांडशील?

आजी: उठ, माहं लुगडं मागून नीट कर. व्याह्याच्या गावात उतराचं आहे.