दामूची मयताची टोपी

माणूस टोपी घालतो ती उन्हासाठी, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या नरपडच्या दामूचं तसं नाही. फुकटात मिळालेल्या झाडून सगळ्या टोप्या त्याच्याकडे. खतकंपनीची वाडीत, क्रिकेटवाली बाजारात, मोटारसायकलच्या शोरूमची लग्नाला. आणि एक कोरी पांढरी, ती फक्त मयताला. हे सगळ्या गावाला ठाऊक.

एका सकाळी ती पांढरी घालून दामू बाजारातल्या माझ्या दुकानासमोरून गाडीवर सुसाट गेला. त्याची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. मी लगेच तलासरीला त्याच्या भावाला, नानूला फोन लावला. वाडीच्या वाटणीवरून भांडल्यापासून नानू घराची पायरी चढला नव्हता.

"नानू, दामूने पांढरी टोपी घातलीय रे."

तिकडून फोन बंदच झाला.

मीही शटर ओढून नरपडला दामूच्या घरी गेलो, तर म्हातारी खाटेवर पेज पीत बसलेली! वहिनीने बाकीच्या टोप्या धुवायला भिजवल्या होत्या, म्हणून दामू हाताला लागली ती घालून आईच्या गोळ्या आणायला गेला होता. नानूला परत फोन करतोय, तर तो उचलेना.

थोड्या वेळाने नानू अंगणातूनच "आय गं!" करून हंबरडा फोडत आत आला आणि आईला बघून जागीच थिजला. गोळ्या घेऊन आलेला दामू दारातच उभा.

म्हातारीने वाटी खाली ठेवली. "थांबलास का, बाबा? मला ऐकू येतंय तोवर रडून घे."