खालची ओळ

पेणच्या झेरॉक्सच्या दुकानात जुना कॉम्प्युटर एक, प्रिंटर एक, दुकानदार दिनेश आणि रांगेत माझ्यापुढे एझ्राकाका. काकांच्या हातात तीन कागद होते. तिन्हींवर मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या ज्यू घरातल्या नवसाच्या प्रसादाच्या, ताटाभोवती बसलेल्या त्यांच्या कुटुंबाचा वरचा अर्धाच फोटो.

"दिन्या, माणसं कापलीस की रे! खाली आम्ही पोरं बसलोय."

"फोटो मोठा हाय काका, मशीनची मेमरी कमी. सोमवारी या, पनवेलहून काढून आणतो."

"आज शुक्रवार. सांजेला शब्बाथचे दिवे लावले की उद्या सांजेपर्यंत माझं काम बंद, आणि उद्या रात्री इस्रायलचं विमान. तिथं माझ्या बहिणीला, तामारताईला, मोबाईलवर दिसत नाय, तिला कागदच पायजे."

"ताई हाय यात?"

"माझ्या शेजारी, दोन वेण्यांची. त्याच साली इस्रायलला गेली. मग रोह्याच्या घरी मलिदा झालाच नाय."

"थांबा, व्हर्च्युअल मेमरी वाढवतो, म्हणजे डिस्कवरची जागा मेमरीसारखी वापरता येईल. आणि प्रिंटरला सांगतो, सगळं पान आल्याशिवाय छापायला घेऊ नको."

"आमच्यासारखंच. सगळे जमल्याशिवाय ताटाला हात नाय लावायचा."

"आता कॉम्प्युटर बंद करून चालू करतो."

"दिव्यांच्या आत होईल?"

"व्हय. बसा."

चौथ्या कागदावर वरच्या ओळीत आठ माणसं होती, खालच्या ओळीत सहा मुलं.