चिकटवाले आणि छज्जेवाले

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. दीक्षितकाका, पेटीचा भाता क्षणभर थांबवा — नाहीतर मी प्रश्न विचारायचो आणि उत्तर तुमची पेटी द्यायची!

प्रश्न अगदी साधा आहे. आपला माणूस ओळखायचा कशावरून? — हं, बोला ना! चेहऱ्यावरून? आवाजावरून? आडनावावरून? मागून कोण बोललं? "टोपीवरून"? वा! आजोबा, तुम्ही माझं अर्धं कीर्तन खाऊन टाकलंत! आता उरलेल्या अर्ध्यात टोपीचीच गोष्ट सांगतो. पुराणातली नाही हां. आपल्याच जिल्ह्यातली आहे. गावाचं नाव विचारू नका, कुणाचे तरी पाहुणे निघतील इथे!

तर एका तालुक्याच्या गावात विश्राम धुमाळ नावाचा गृहस्थ. फरशीचं दुकान, बायको, दोन मुलं, पन्नाशीचं पोट — सगळं व्यवस्थित! आणि वेड कशाचं? सायकलचं! साधी नव्हे हो. बोटाएवढ्या बारीक चाकांची, उचलली तर एका हातात येईल अशी, डांबरी रस्त्यावर वाऱ्यासारखी पळणारी. अशा दहाबारा वेड्यांचं त्यानं मंडळ काढलं. नाव ठेवलं वायुपुत्र. अध्यक्ष कोण? ज्यानं वर्गणीची पावतीपुस्तकं छापली तो! विश्रामभाऊ!

आता मंडळ म्हटलं की गणवेश आलाच. आणि गणवेश कसा? अंगाला चिकटलेला! वर चिकट बंडी, खाली काळी चिकट चड्डी, तिच्यात बूड दुखू नये म्हणून बारकी गादी शिवलेली. शिरस्त्राणाच्या खाली कापडी टोपी, तिची चिमुकली झडप वर वळवलेली. गॉगलच्या काड्या शिरस्त्राणाच्या पट्ट्याच्या बाहेरूनच! आत घातल्या तर अध्यक्ष भर रस्त्यात थांबवणार. मोजे पोटरीच्या मध्यापर्यंत. आणि मावशी, ऐका हं — पायांचे केस काढायचे! का? तर म्हणे केसांना वारा अडतो!

त्याची बायको काय म्हणाली ठाऊक आहे? "अहो, केसाला वारा अडतो आणि एवढ्या पोटाला नाही अडत?"

बरं, त्याच गावात दुसरं मंडळ निघालं. दगडधोंडे! जाड चाकांच्या सायकली, डोंगरातल्या पायवाटा, ओढे, खाचखळगे. यांचा वेष उलटा. गुडघ्यापर्यंत ढगळ चड्डी — तिच्यात अजून एक माणूस मावेल! आणि शिरस्त्राणाला पुढे हा एवढा छज्जा. अंगावरचा चिखल धुवायचा नाही. चिखल म्हणजे यांचं पदक! एक तर नवा होता, डोंगर चढवेना, त्यानं घरच्या कुंडीतली माती कालवून पायाला फासली. हसू नका! कपाळाला भस्म लावून निजणारे मी पाहिलेत!

झालं! चिकटवाले छज्जेवाल्यांना हसायचे, छज्जेवाले चिकटवाल्यांना. घाटमाथ्यावर शेवंतामावशीची चहाची टपरी. तिथे दोन बाकं. एक यांचं, एक त्यांचं. मध्ये हातभर जागा. ती हातभर जागा ओलांडायची कुणाची छाती नव्हती. घाटात समोरासमोर आले तर मान दुसरीकडे! वर्गणी वेगळी, चहा वेगळा, हसणं वेगळं. चहा मात्र एकाच पातेल्यातला हं!

आता गोष्टीचं दुखणं ऐका.

विश्रामचा एक मित्र होता. मुरलीधर शेडगे. चड्डी नीट घालता येत नव्हती तेव्हापासूनचा! विश्र्या आणि मुरल्या. शाळेत एका बाकावर, पुढे सायकलीवर एकामागे एक. वारा समोरून असला की विश्राम पुढे, मुरली त्याच्या आडोशाला. दमला की अदलाबदल. अशी वर्षानुवर्षं काढली. वायुपुत्रची पहिली टोपी शिवून आली ती विश्रामनं स्वतःच्या नव्हे, मुरलीच्या डोक्यावर ठेवली होती.

हा मुरली मध्येच महिनाभर गायब झाला. फोन केला तर म्हणे, कामात आहे. आणि एका रविवारी टपरीवर उगवला कसा? जाड चाकांची सायकल, ढगळ चड्डी, डोक्याला छज्जा!

विश्रामनं कप बाकावर ठेवला. मुरल्या? तिकडे? मला न सांगता? खरं तर उठून त्याला विचारायचं होतं, बाबा रे, काय झालं? पण मंडळी, सगळं मंडळ बघत होतं ना! आणि मंडळ बघत असलं की अध्यक्षाच्या तोंडून मित्र बोलत नाही, अध्यक्षच बोलतो.

"काय मुरलीधरपंत! कपाळावर छज्जा काढलात, नगरपालिकेची परवानगी घेतलीत का?"

हो, हसलात ना? तिथेही सगळे हसले! मुरलीसुद्धा हसला. गरम चहा एका दमात प्यायला, कप ठेवला आणि गेला. पुढच्या रविवारी दुसऱ्या बाकावर बसला.

विश्रामला वाटलं, येईल. नाही आला. मग राग आला. मग सवय झाली — असं तो म्हणायचा. पण घाट चढताना, समोरून वारा आला की अजून मान मागे वळायची. मागे कुणी नसायचं.

दोन पावसाळे गेले असे!

मग एक रविवार आला. चैत्रातलं ऊन. विश्रामला निघायला उशीर झाला, मंडळ पुढे गेलं. हा एकटाच घाट चढतोय. मध्यावर येतो तो काय — रस्ता रुंद करताना नुकतीच कोसळलेली दरड! रस्त्यावर दगडमातीचा ढीग, जेसीबी घरघर करतोय. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, दुपारपर्यंत काही खरं नाही. घाई असेल तर ही शेळ्यांची वाट. थेट शेवंताच्या टपरीमागे निघते."

शहाणा माणूस काय करेल? परत फिरेल! पण अध्यक्षाशिवाय चहा उकळायचा? उचलली सायकल खांद्यावर आणि घुसला डोंगरात.

आता या चिकटवाल्यांच्या बुटाची गंमत सांगतो. बुटाच्या तळाला प्लॅस्टिकचा टणक उंचवटा असतो, पॅडलमध्ये खटकन बसायला. सायकलीवर छान. पण चालायला? तेल सांडलेल्या फरशीवर नारळ ठेवून त्यावर उभे राहा, तसं! फरशीचा दुकानदार, आणि दगडावर चार पावलं टाकता येईनात! एक पाऊल, दोन पावलं — सुर्रर्र! सायकल एकीकडे, गडी दुसरीकडे, आणि मध्ये कोण? करवंदीची जाळी!

टर्रर्र!

कुठे फाटली, ते मी सांगणार नाही. समोर आयाबाया बसल्यात. एवढंच सांगतो, विश्रामभाऊ एका दगडावर टेकले आणि काही केल्या उठेनात!

तेवढ्यात वरून खडखड आवाज. जाड चाकं, ढगळ चड्डी, छज्जा. कोण असणार? देवाला एवढ्या डोंगरात दुसरं कुणी सापडलं नाही!

"विश्र्या? तू इथं काय करतोस?"

"बसलोय."

"करवंदं पिकायची वाट बघतोस का?"

"मुरल्या, पुढं जा तू."

"उठ की."

"उठता येत नाही."

"पाय मोडला?"

"पाय नाही रे!"

मुरलीनं त्याला जरा पुढे वाकवून मागून पाहिलं. आणि मंडळी, तो असा हसला, असा हसला की जाळीतले होले उडाले! विश्राम लालबुंद. पण हसता हसताच मुरली खाली बसला आणि एकेक काटा उपसू लागला. चिमटीत धरायचा, फुंकर घालायची, टाकायचा. लहानपणी पेरूच्या कुंपणावरून पडल्यावर काढायचा तसा. काटे संपले. मग उभा राहिला, पाठ वळवली आणि स्वतःची ढगळ चड्डी काढायला लागला!

"अरे ए! काय करतोस! कुणी येईल!" विश्रामनं डोळे मिटले. आणि मग — माणसाचा स्वभाव हो! — एक डोळा उघडला.

काय दिसलं? बोला! ढगळ चड्डीच्या आत काय होतं?

काळी चिकट चड्डी! तीच! तशीच! गादीसकट!

"मुरल्या, ही तर आमची!"

"तुमची कसली? आम्ही सगळेच घालतो. आतून. डोंगरात जायचं म्हणून बूड काय वेगळं मिळतं का?"

"मग वरून ही झूल कशाला?"

"तुमच्यासारखं दिसायला नको म्हणून!" मुरली म्हणाला. "धर. घाल. गावात असा जाशील तर लोक फरशी नको म्हणतील."

मंडळी, किती वर्षं ही माणसं एकमेकांना हसत होती! आणि घाम गाळणाऱ्या दोघांच्या बुडाखाली एकच गादी!

विश्राम चड्डी घालत होता. मुरलीनं घाम पुसायला डोक्यावरचा छज्जा काढला. त्याच्याखाली कापडी टोपी होती. जुनी, विटलेली, शिवण उसवलेली. झडप मागे दुमडून लपवलेली. वर अक्षरं होती — वायुपुत्र.

विश्रामचा हात नाडीवरच थांबला. "ही अजून घालतोस?"

"घाम डोळ्यांत जातो रे." मुरलीनं पटकन टोपी खिशात कोंबली.

"मुरल्या, तू गेलास का?"

बघा! दोन पावसाळे पोटात ठेवलेला प्रश्न. फाटल्याशिवाय बाहेर येईना!

मुरलीनं करवंदीचं एक पान तोडलं. मग म्हणाला, "खालच्या वळणावर एक ट्रक घासून गेला मला. लागलं काही नाही. पण त्यानंतर मागून हॉर्न वाजला की हात थरथरायचे. डांबरावर सायकल काढवेना. डोंगरात ट्रक येत नाहीत, म्हणून ही घेतली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायलाच आलो होतो चहाला त्या दिवशी. तू नगरपालिका काढलीस."

मंडळी, करवंदीचा काटा बरा. तो दिसतो तरी, उपसता तरी येतो. हा कसा उपसायचा? विश्राम कसाबसा उठला. मुरलीनंच आपली सायकल तिथेच ठेवून त्याची खांद्यावर घेतली, हात दिला आणि निसरडे बूट सांभाळत त्याला वर आणलं.

टपरीमागून दोघं निघाले. इकडच्या बाकानं पाहिलं. तिकडच्या बाकानं पाहिलं. आणि मग जो हशा पिकला!

"अध्यक्ष! ढगळ चड्डी? तिकडचे झालात की काय?"

"शेडगे! अहो, लाज आहे का? काय हा अवतार!"

मुरलीनं बंडी खाली ओढली. ती किती पुरणार? पण तो काही बोलला नाही. याची चड्डी फाटली, म्हणून मी दिली — एवढं म्हणाला असता तर सुटला असता. तसं म्हणाला नाही! मित्राची फाटकी बाजू त्यानं झाकली होती, ती बोलून उघडी करायची नव्हती.

आणि आपले अध्यक्ष? सगळं मंडळ बघतंय! तोंडातून काय निघालं?

"जरा — जरा थंडी वाजत होती."

चैत्रात! अहो, शेवंतामावशीच्या हातातलं गाळणं पडलं!

मुरली मान खाली घालून आपल्या बाकाकडे निघाला. त्याचेच लोक त्याला हसत होते. विश्रामनं त्याची पाठ पाहिली. तशीच पाठ त्यानं एकदा पाहिली होती, गरम चहा पिऊन जाताना. तेव्हा अध्यक्ष बसून राहिला होता. आता?

"थांबा!" विश्राम ओरडला. "थंडीबिंडी काही नाही! डोंगरात पडलो मी. चड्डी मागून पार फाटली. यानं काटे काढले, अंगावरची काढून मला दिली, माझी सायकल खांद्यावरून आणली. हसायचं असेल तर मला हसा! आणि त्याची ती चिकट चड्डी बघून दात काढणाऱ्यांनो, तुमच्याही आत तीच आहे! कुणाला शंका असेल तर काढून दाखवा वरची!"

कोण काढतोय! सगळ्यांनी आपापले कमरपट्टे धरले!

मग तो ती हातभर जागा ओलांडून गेला. मुरलीच्या हातातला छज्जा घेतला, स्वतःचं शिरस्त्राण काढून तो डोक्यावर घातला. वाकडा बसला. मुरलीच्या खिशातून जुनी टोपी काढली, झडप वर वळवली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. पहिल्यांदा ठेवली होती तशी. आणि त्याच्याशेजारी बसला. म्हणाला, "चुकलो रे मुरल्या. त्या दिवशी विचारायला हवं होतं."

मुरली म्हणाला, "छज्जा सरळ कर. येड्यासारखा दिसतोस."

पण डोळे पुसत होता हं! घाम असेल!

आणि शेवंतामावशी? कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता ते दुसरं बाक पण हिकडं सरकवा. मधली जागा रोज झाडून माझी कंबर मोडली!"

आजही त्या घाटात जा. रविवारी दोघं दिसतील. मुरली पुन्हा डांबरावर आलाय, हळूहळू. दोघं शेजारी शेजारी चालवतात. मुरली डावीकडे, डोंगराच्या कडेला. आणि उजवीकडे, जिकडून ट्रक जातात तिकडे — विश्राम. चिकट चड्डी आणि डोक्याला छज्जा! गाव हसतं. हसू दे!

आता मंडळी, तुम्ही म्हणाल, बुवांनी छान हसवलं, बिचारे सायकलवाले! थांबा. मी आल्यापासून बघतोय. या मारुतीच्या मंडपात उजवीकडे वरची आळी, सगळ्यांच्या गुलाबी टोप्या. डावीकडे खालची आळी, सगळ्यांच्या पांढऱ्या टोप्या. मध्ये सतरंजीचा हातभर पट्टा रिकामा! तिकडे मागे प्रसादाच्या दोन कढया, दोन्हींत शिराच! का वेगळं बसलात? कुणाला कधी कुठला ट्रक घासून गेला, हे शेजाऱ्याला विचारलंत का? की नगरपालिकाच काढलीत?

पुढचा गजर मी सुरू करणार. पण असा नाही. आधी प्रत्येकानं डोक्यावरची टोपी काढायची आणि पट्ट्यापलीकडच्या माणसाच्या डोक्यावर ठेवायची. ठेवताना विचारायचं, बाबा, कसा आहेस? मगच टाळी!

हं, कोण उठतंय? वरची आळी? खालची? दोन्हीकडचे अध्यक्ष एकमेकांकडे बघतायत! — बरं. राहू दे. आजोबा, मघाशी "टोपीवरून" म्हणालात ना, या इकडे. ही घ्या माझी पगडी. तुमची टोपी द्या मला. आणि सांगा बाबा, कसे आहात?

दीक्षितकाका, आता वाजवा!