पोलीस येणार म्हणून जिना धुतला

म्हणजे काय, पोलीस येणार आणि जिना तसाच घाण ठेवायचा? अहो, नळ दुरुस्त करणारा येणार असला तरी मी दारातल्या चपला सरळ लावते, इथे तर गणवेशातल्या पोलीसबाई येणार होत्या! चार लोक काय म्हणतील? मग घेतली बादली, घेतला खराटा, आणि जिन्याखालची ती जागा, हो तीच, जिथून चोरी झाली, अशी घासली, अशी घासली, की वर फिनेल मारल्यावर मलाच वाटलं, आता इथे बसून जेवावं! बाई आल्या, वाकल्या, टॉर्च मारला आणि म्हणतात कशा, "इथे चाकांचे डाग, हातांचे ठसे, काहीच कसं नाही हो?" मी म्हटलं, "होते ना! कठड्यावर चांगले काळे काळे होते, सगळे काढले!" आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

बरं, गेलं काय, तर सायकल. तीन चाकी. पोलीस ठाण्यात लिहून घेणाऱ्याने विचारलं, "मुलाची का?" म्हटलं, "नाही, सासऱ्यांची." त्याचं पेन थांबलं. "वय?" म्हटलं, "सायकलचं की त्यांचं?" तर माझ्यावरच डोळे वटारले! अहो, मोठ्या माणसांची तीन चाकी असते, मागे टोपली असते. सासऱ्यांचा एक पाय आजारपणात अधू झाला, काठी धरून चालायचं तर ते म्हणतात, "मी काय म्हातारा आहे?" म्हणून ती आणली. रोज सकाळी सायकलवर टांग... नाही, टांग नाही टाकता येत, पण बसायचे, कोपऱ्यावरच्या बाकाशी जायचे, दोन जुन्या मित्रांशी कडाकडा भांडायचे आणि ताजेतवाने होऊन परत यायचे. ब्रेक असा किंचाळायचा की अख्ख्या गल्लीला कळायचं, स्वारी निघाली. तो ब्रेक दुरुस्त करतो म्हणून आमचे हे दर रविवारी म्हणायचे. पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्या रविवारी.

आणि एका दुपारी सायकल गायब! मी घरातच होते हो, शिवणयंत्रावर, लोकांच्या पँटा आखूड करत, पण त्या मशीनच्या खडखडाटात मला काय ऐकू येणार? आमचे हे म्हणाले, "एवढ्यासाठी पोलिसांत कशाला? हेलपाटे कोण घालणार? नवी घेऊ." सासरे म्हणाले, "नको. मला कुठे जायचंय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला काळजी कधी वाटली सांगू? त्यांनी जेवणाला नावं ठेवणं बंद केलं तेव्हा! मी या घरात आल्यापासून माझी एक पोळी त्यांच्या पसंतीस उतरलेली नाही. आणि आता गुपचूप जेवतात, ताट सारतात, संपलं! मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. म्हटलं, आता तरी ओरडतील. तर म्हणतात, "छान झालीय." ...मी स्वयंपाकघरात जाऊन रडले हो. माणूस असा विझत जाताना बघवत नाही. ओढणी घेतली आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

तर इमारतीत बोंब! पोलीस येणार म्हणजे इमारतीचं नाव खराब! तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणतात, "आपसांत मिटवलं असतं." कोणाशी मिटवणार, चोराशी?

बाईंनी सगळ्यांना आमच्याच खोलीत बोलावलं. मी चहा केला, चांगले कप काढले. आणि त्यांनी विचारलं, तर एकेकाच्या तोंडाला कुलूप. मास्तर छताकडे बघतायत. वरचा तो जिमवाला आपल्याच दंडाकडे बघतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चहात काय शोधतायत देव जाणे. "आम्ही? छे! आम्ही काहीच पाहिलं नाही." बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भरदिवसा एवढी मोठी सायकल जिन्याखालून बाहेर जाते आणि कुणीच बघत नाही. ठीक आहे. पण जिथे कुणी काही बघत नाही ना, तिथे चोर पुन्हा येतो." तरी सगळ्यांची नजर कपातच!

तेवढ्यात आतून सासरे आले. भिंत धरून, हळूहळू. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊ द्या, बाई. माझीच चूक. लोकांच्या वाटेत ठेवायचो मी ती."

झालं! मास्तर ताडकन उठले. "दार मी उघडलं!" म्हणाले. "तो म्हणाला, दुरुस्तीला नेतोय, यांच्या मुलाने सांगितलंय. मला वाटलं, चला, शेवटी तो रविवार उगवला! उलट मीच म्हटलं, बाबा रे, तो ब्रेक तेवढा बघ, आमचे कान किटले!" मग जिमवाला, एवढासा आवाज करून, "हवा... मी भरली. चाक बसलं होतं ना, त्याला ओढायला जड जात होती. घरून पंप आणला." आणि काकू! काकू म्हणतात, "उन्हाचं आला होता बिचारा, मी पाणी दिलं... आणि मिक्सर पण."

"मिक्सर?" हे काकूंचे यजमान. "तू तर म्हणालीस बहिणीकडे दिलाय!"

"दुरुस्तीवालाच आहे म्हटल्यावर दिला! आणि मी काय बावळट आहे? तिथल्या तिथे त्याला मिस्ड कॉल द्यायला लावला. नंबर आहे माझ्याकडे!"

चोराचा नंबर! काकूंच्या मोबाइलमध्ये! "मिक्सर भाऊ" नावाने सेव्ह केलेला! आणि या बाई मला रोज जिन्यात भेटून विचारत होत्या, "लागला का गं काही पत्ता?" पोलीसबाईंनी विचारलं, "काकू, इतके दिवस का नाही सांगितलंत?" तर काकू रडकुंडीला येऊन म्हणतात, "लोक हसतील म्हणून." बाई म्हणाल्या, "हसतील तर हसू दे. अर्धं तुम्ही बघायचं, अर्धं आम्ही शोधायचं, असंच चालतं हे काम. तुमचं अर्धं तुम्ही लपवून ठेवलंत तर आम्ही काय करणार?" रागावल्या नाहीत हो अजिबात. नंबर घेतला, चहा संपवला, आणि जिन्यात गेल्यावर मात्र हसण्याचा आवाज आला. मी ऐकला.

आणि सापडली! एका भंगारवाल्याच्या मागच्या शेडमध्ये. सायकल, मिक्सर, आणखी कुणाकुणाची शिडी, पंखा, सगळं. सायकल पोलिसांच्या जीपमध्ये मावेना, तर बाई स्वतः चालवत आल्या गल्लीत! गणवेशात, डोक्यावर टोपी, मागच्या टोपलीत काकूंचा मिक्सर! आणि कुणाला पत्ताच नाही, कारण आवाजच नाही! विकायला सोपं जावं म्हणून त्या चोराने ब्रेक दुरुस्त केला होता हो!

सासरे बसले. ब्रेक दाबला. शांतता. पुन्हा दाबला. मग मान वळवून आमच्या यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चोराला जमलं. याला नाही जमलं." इतक्या दिवसांनी पहिला टोमणा! यांचा चेहरा पडला, आणि मला तर यांना मिठी मारावीशी वाटली, चारचौघांत! त्या रात्री पहिल्या घासाला सासरे म्हणाले, "मीठ जास्त झालंय." मी म्हटलं, "हो बाबा!" आणि अजून एक पोळी वाढली.

आता सगळं बदललंय बघा. मास्तर दार उघडण्याआधी येणाऱ्याची अशी उलटतपासणी घेतात की परवा जिमवाल्याचा सख्खा मामा कंटाळून परत गेला. कुणी काही बघितलं की फोन करतात, लाजत नाहीत. आणि सासऱ्यांना पोलीसबाईंनी आपला नंबर दिलाय. "काका, तुम्ही सकाळभर गल्लीत असता. संशयास्पद काही दिसलं की थेट मला सांगायचं." झालं! छाती अशी पुढे! गळ्यात शिट्टी! ती शिट्टी त्यांनी स्वतःच मागून घेतली, बरं का.

आणि काल सकाळी बाई पुन्हा दारात. मी आधीच सांगून टाकलं, "बाई, शपथ सांगते, जिन्याला हातसुद्धा लावलेला नाही!" त्या म्हणाल्या, "ते दिसतंय. पण तक्रार आलीय. जिन्याखाली एक संशयास्पद स्कूटर, सायकलची वाट अडवून उभी आहे." मी त्यांच्या मागे बघितलं, तर माझ्या स्कूटरशेजारी सासरे सायकलवर, ताठ, शिट्टी तोंडात, माझ्याकडे ओळख नसल्यासारखे बघतायत.

आता तुम्हीच सांगा, माझं काय... जाऊ दे. काढते स्कूटर.