अपडेट झालं, पण बदललं काय?

अख्ख्या कोपर गावात कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स चालवणारा पहिला म्हातारा मीच. म्हणजे टाकलं सूनबाईने, मी फक्त अपडेटचं बटण दाबतो.

रोज दाबायचो, तरी स्क्रीन जशीच्या तशी. शेवटी वैतागून मित्राने सांगितलेलं एकदम ताजं व्हर्जन त्यावर चढवायला निघालो, तर सूनबाईने हातच धरला.

"अप्पा, तुमच्या मंडळाची सगळी भजनं यात आहेत ना? हे स्टेबल व्हर्जन आहे, म्हणजे स्थिर, भरवशाचं. अपडेटमध्ये फक्त सुरक्षेची भोकं बुजवतात, मांडणी हलवत नाहीत. नवीन सगळं नीट तपासून, दोन-एक वर्षांनी एकदम येतं."

फुकटात एवढी काळजी घेणाऱ्या त्या लिनक्सवाल्यांना मनातल्या मनात सलाम ठोकला. तोंडाने म्हणालो, "पण रोज तेच बघून कंटाळा येतो गं!"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचे विनोद तेच आहेत, अप्पा. आम्ही बदललं का तुम्हाला?"