शिळं पाणी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांची बायको बसली होती. एक तरुणी लगबगीनं त्यांच्यापाशी आली.

"काका, ओळखलंत का?"

"डोळ्यांत थेंब घातलेत, दिसत काही नाही. पण आवाज मॅडमचाच. दुसऱ्या मजल्यावरच्या, पेशी वाढवणाऱ्या."

"वाढवणाऱ्या कसल्या! तीन महिने नुसत्या मरत होत्या. मी सगळं बदलून पाहिलं, हात धुवायचा साबणसुद्धा."

"पाणी तेवढं बदललं नाहीत."

"मशीनचं शुद्ध पाणी, त्यात काय बदलायचं? आणि तुम्ही माझ्या कॅनवर चिठ्ठी चिकटवलीत, 'शिळं'. किती हसले होते मी!"

"आठवडाभर भरून ठेवलेलं होतं ते. शुद्ध झालं तरी शेवटी पाणीच. हवा खातं, जंतू धरतं. रोज ओतून ताजं भरायचं."

"तुम्ही भरायला लागलात आणि पेशी जगल्या. काका, प्रबंध उद्या छापायला जातोय. पहिलं पान वाचू?"

"वाचा की."

"'पाणीही शिळं होतं, हे शिकवणाऱ्या काकांची मी जन्मभर ऋणी राहीन.' अहो काका, रडताय काय?"

"थेंबांनी होतंय ते."

"थेंबांनी म्हणे!" काकू मध्येच म्हणाल्या. "आणि यांना कोणी शिकवलं, ते लिहिलंय का गं? लग्नानंतर पहिल्या दिवशी पाहिलं, तर पिंपात चार दिवसांचं पाणी. मीच ओतलं."

"मॅडम, छपाई उद्या म्हणालात ना? अजून एक ओळ मावेल का?"